शेत सोडून डुक्कर घेऊ नका, शेत धरून डुक्कर पाळा



गेल्या महिन्यात आमच्या टोल्यावर जीप आली. जीपमधून कर्जाचे साहेब उतरले, ग्रामसेवक उतरले आणि फॉरेस्टचा गार्डही उतरला. कर्जवाला आणि गार्ड एकाच जीपमधून उतरले की आपण सावध व्हायचं.

साहेब गोड बोलले. "अतिक्रमणाच्या मागे कशाला लागता? त्या दोन एकरात पिकतं काय? शेत सोडल्याचं लिहून द्या, वराहपालनाची योजना देतो. आदिवासीला अर्धी सबसिडी, अर्धं कर्ज. तीन माद्या, एक नर. वर्षात पैसाच पैसा."

मागे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "डुकराले खायले काय घालू जी?"

साहेब म्हणाले, "तुमची डुकरं काहीही खातात." सगळे हसले. म्हातारी हसली नाही. सगळ्या योजनेचं मर्म तिच्या प्रश्नात होतं.

हिशेब करून पाहा. योजनेतलं डुक्कर म्हणजे यॉर्कशायर नावाची पांढरी विलायती जात. मोठं जनावर दिवसाला अडीच किलोच्या आसपास दाणा खातं. चार जनावरांना दिवसाला दहा किलो, महिन्याला तीन क्विंटल! एवढं तर आपल्या घरातली माणसं खात नाहीत. हा दाणा बाजारातून आणायचा, आणि त्यासाठी सावकाराकडे जायचं. म्हणजे जनावर बँकेचं, दाणा सावकाराचा आणि राबणूक आपली.

आपलं काळं गावठी डुक्कर लहान असतं, हळू वाढतं. पण ते दिवसा कंदमुळं, किडे-गांडुळं, गळालेला मोह, आंबे शोधून खातं. संध्याकाळी त्याला कोंडा, कणी, पेज, दारू गाळल्यावर उरलेला मोहाचा चोथा चालतो. आता सांगा, कोंडा आणि कणी कुठून येतात? धानातून. धान कुठून येतं? त्याच दोन एकरातून, जे साहेब सोडायला सांगतात. शेत गेलं की कोंडा गेला, कोंडा गेला की डुक्कर गेलं. मागे राहील ते कर्ज.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. शेजारच्या गावात तीन घरांनी ही योजना घेतली होती. पावसाळ्यात जनावरं एकामागून एक तापली, लटपटली, मेली. स्वाइन फिवरची लस आधी टोचून घ्यावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं. विमा होता. पण विम्याला कानातला बिल्ला पाहिजे आणि डॉक्टरचा दाखला पाहिजे. डॉक्टर तालुक्याला, मधे नाल्याला पूर. दोन दिवसांत मढं कुजलं, लोकांनी पुरून टाकलं. विम्याचा पैसा आला नाही. बँकेची नोटीस मात्र पूर ओलांडून बरोबर घरी आली.

म्हणून काय डुक्कर पाळूच नये? तसं आम्ही म्हणत नाही. डुक्कर आपल्या घरातलं धन आहे. पंडुमाला लागतं, लग्नात लागतं, अडीअडचणीला विकता येतं. आश्रमशाळेत कुणी गुरुजी पोराला म्हणत असतील, "तुम्ही डुक्करवाले, घाणेरडे," तर त्यांना सांगा, आमच्या पद्दीनं आजवर कुणाची जमीन हडपलेली नाही. ज्यांनी हडपली ते रोज आंघोळ करतात.

पण पाळायचं तर नीट पाळा. ज्या तरुण घरांत आजवर डुक्कर नव्हतं त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो.

१) कर्ज काढू नका. गावातून किंवा सोयऱ्याकडून दोन मादी पिल्लं घ्या. पैसे नसतील तर अर्धेलीनं घ्या. पिल्लू दोन महिन्यांचं, आईचं दूध सुटलेलं पाहिजे. नाकडोळे स्वच्छ, शेपटीखाली कोरडं आणि खायला धावणारं असावं. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी आणू नका. एकटं पिल्लू रडतं, खात नाही, म्हणून दोन.

२) नर प्रत्येक घरी लागत नाही. टोल्याला मिळून एक चांगला नर ठेवा. तो या माद्यांचा भाऊ नसावा, दुसऱ्या गावाशी अदलाबदल करा. बाकीची नर पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतानाच जाणत्या माणसाकडून बडवून घ्या.

३) कोठा आधी, डुक्कर नंतर. मोहाची किंवा आंब्याची सावली पाहा. डुकराला घाम येत नाही, वैशाखात उन्हानं मरतं. लोळायला चिखल आणि प्यायला पाणी रोज पाहिजे. जमीन उताराची ठेवा, म्हणजे मूत वाहून जाईल आणि शेणखत शेताला मिळेल.

४) मादी आठ-नऊ महिन्यांची भरल्याशिवाय फळवू नका. माज दर एकवीस दिवसांनी येतो. गाभणपण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. व्यायच्या आधी वाळलेलं तणीस अंथरा. भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वीतभर वर आडवा बांबू बांधा. आई लोळते तेव्हा पिल्लं त्या फटीत वाचतात. कोंडून ठेवलेल्या पिल्लांना स्वच्छ जागची लाल माती रोज द्या, नाहीतर ती पांढरी पडून मरतात.

५) गिरणीच्या कोंड्यात तूस असतं, चाळून द्या. कोचईचे कांदे उकडून द्या, कच्चे घसा खाजवतात. सडलेलं, बुरशी आलेलं देऊ नका.

६) सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डुकराला माणसाच्या हागणदारीत जाऊ देऊ नका. तिथून त्याच्या मासात तांदळाच्या दाण्यासारखे फोड येतात. ते मास कच्चं राहिलं तर माणसाच्या पोटात लांब फितीसारखा जंत होतो. त्या जंताची अंडी घाणेरड्या हातानं, पाण्यानं पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. गावात एखाद्याला फिट आली की आपण करणी शोधतो. डुकराचा कोठा आणि आपले हातही पाहा. दाणे दिसलेलं मास पुरा, बाकीचं पूर्ण शिजवा.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. मोकळं डुक्कर एका रात्रीत शेजाऱ्याचं धान उलथून टाकतं. मग गावात भांडण, आणि भांडणाचा न्याय करायला गार्ड आणि पोलीस. आपल्या घरात फूट पडावी म्हणून ते टपलेलेच असतात. गावानं ठरवा: पेरणीपासून मळणीपर्यंत डुक्कर कोठ्यात. मोडलं तर भरपाई, आणि निवाडा गावाचा.

दुसरं. कोंडा चाळते बाई, पेज घालते बाई, रात्री व्यालेल्या मादीजवळ बसते बाई. बाजारात पैसे मोजतो गडी, आणि त्यातले किती घरी येतात ते आपण सगळे जाणतो. जिचं डुक्कर तिनं विकावं. आणि आषाढात घरात दाणा संपला की व्यापारी दारात येतो, नजरेनं वजन सांगतो, निम्म्या भावात नेतो. गावाचा काटा घ्या. वजन केल्याशिवाय एकही जनावर गावाबाहेर जाऊ देऊ नका.

आणि गार्ड! घरचं डुक्कर कापलं तरी तो येऊन म्हणतो, "हे रानडुक्कर आहे, केस करतो." १९७२ चा वन्यजीव कायदा रानडुकराच्या शिकारीसाठी आहे, पाळलेल्या डुकरासाठी नाही. तेव्हा डुक्कर चार लोकांसमोर कापा. मुंडकं आणि पाय वाटा पडेपर्यंत बाजूला ठेवा. गार्ड आला तर पंच बोलवा, लेखी मागा. मासाचा वाटा किंवा नोटा देऊन सुटका करून घेऊ नका. एकदा दिलं की दर पंडुमाला तो हजर.

कोठ्याला चाळीस-पन्नास बांबू लागतात. ते तोडले तर आपण चोर. कागद कारखान्याचे ट्रक मात्र दिवसाढवळ्या भरून जातात, त्यांना कुणी अडवत नाही. निस्तार हा आपला हक्क आहे, डुकराच्या कोठ्यालाही तो लागू आहे.

म्हणून साथींनो, साहेबांना आमचं उत्तर असं. राज्य सरकारनंच डिसेंबर १९७८ मध्ये आदेश काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करू. ते आधी करा. १९८० चा वनसंवर्धन कायदा दाखवून टाळाटाळ करू नका. योजना द्यायची तर शेतासकट द्या, गावठी जनावर निवडायची मुभा द्या, लस गावात आणून टोचा, मेलेल्या जनावराचा पंचनामा गावाच्या पंचांचा माना.

तोपर्यंत कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका. शेत सोडल्याचं एक वाक्य वराहपालनाच्या अर्जात लपलेलं असू शकतं. अर्ज आधी शिकलेल्या पोराकडून गावासमोर वाचून घ्या. शेताच्या दंडाच्या पावत्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आढ्याला बांधा. फॉरेस्टनं दंड घेतला म्हणजे शेत आपण कसत होतो हे त्यानंच लिहून दिलं.

पुढच्या वेळी जीप आली की म्हातारीचा प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारा: डुकराले खायले काय घालू जी? साहेबांकडे उत्तर नाही. आपलं उत्तर शेतात उभं आहे.