वैमानिकांच्या हृदयाची कसोटी

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रुसेल्सकडे निघालेले ट्रायडंट जातीचे विमान १८ जून १९७२ रोजी उड्डाणानंतर अवघ्या अडीच मिनिटांत स्टेन्स गावाजवळ कोसळले आणि आतील सर्व ११८ जण प्राणास मुकले. कमी वेगात विमानाला उचलून धरणारा पंखांच्या कडेचा भाग वेळेपूर्वीच मिटला गेला होता. ५१ वर्षांच्या मुख्य वैमानिकाच्या शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या. एका रोहिणीतील इजा तर मृत्यूपूर्वीच्या दोन तासांतील होती. चौकशी आयोगाने या विकाराची गणना अपघातामागील कारणांत केली. ठरावीक वैद्यकीय तपासण्यांतून मात्र हा वैमानिक पार पडलेला होता.

यात वैद्यांचा हलगर्जीपणा शोधण्याचे कारण नाही. रोहिणी निम्मी बुजली तरी स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हृदयाला पुरेसे रक्त मिळते व आलेख निर्दोष येतो. तूट उघडी पडते ती श्रमाच्या वेळी. म्हणूनच ट्रेडमिलवर चालवून हृदयाचा आलेख काढण्याची पद्धत आली. अमेरिकेतील रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये तिला शिस्त लावली. त्यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो.

मग प्रत्येक वैमानिकाला दरसाल या पट्ट्यावर का चढवू नये? प्रश्न बिनतोड वाटतो. पण साधे अंकगणित त्याच्या आड येते. १९८९ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत ही चाचणी शंभर रोग्यांपैकी सुमारे ६८ जणांना ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी सुमारे २३ जणांना रोगी ठरविते, असे दिसले. हजार वैमानिकांपैकी पन्नास जणांना रोहिणीविकार आहे असे धरू. चाचणी त्यांतील ३४ जणांना पकडील, १६ सुटतील. उरलेल्या ९५० पैकी सुमारे २१८ जणांवर मात्र विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे दोषी ठरलेल्या सातांत खरा रोगी एक! हे आकडे मुख्यतः रुग्णालयांत आलेल्या माणसांचे आहेत. लक्षणे नसलेल्या वैमानिकांत ते थोडे बदलतील, पण हिशेबाची दिशा तीच राहील.

त्या २१८ जणांचे पुढे काय? परवाना स्थगित, मग रोहिण्यांत नळी घालून करावयाची तपासणी; तीत अल्प का होईना, जिवाला धोका असतोच. शिवाय चाचणीतून सुटलेल्या सोळांना मिळणारा दिलासा खोटा. रोहिणी फारशी अरुंद नसतानाही आतील थर फाटून झटका येतो आणि त्याची चाहूल ट्रेडमिलला लागत नाही.

वय, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कुलवृत्तान्त यांवरून ज्यांना धोका अधिक, त्यांचीच ही कसोटी घेणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. मूळ गटात रोगी अधिक असले की त्याच चाचणीचा कौल अधिक विश्वासार्ह होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ साली दोन वैमानिकांच्या उड्डाणांसाठी वयोमर्यादा ६० वरून ६५ केली असल्याने असा गट लहान नाही.

दुसरा वैमानिक आहेच, मग एवढी चिंता कशाला, असेही म्हटले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिएटलहून इस्तंबूलला निघालेल्या तुर्की विमानाचा मुख्य वैमानिक वाटेतच मरण पावला, तेव्हा सहकाऱ्यांनी विमान न्यूयॉर्कला सुखरूप उतरविले. पण स्टेन्सच्या विमानातही चालककक्षात आणखी सहकारी होतेच. माणूस कोसळला तर दिसतो. छातीतील कळ सोसत तो चुकीचा निर्णय घेतो, तेव्हा शेजाऱ्याला काय समजावे?

ती कळ तपासनिसाला आपण होऊन सांगणारा वैमानिक कोणत्याही यंत्रापेक्षा उपयोगी. परंतु सांगितल्याबरोबर पगार थांबणार असेल, तर तो कशाला बोलेल? चौकशी चालू असेतो पूर्ण वेतन आणि परवाना गेल्यास जमिनीवरील काम यांची हमी विमान कंपन्यांनी द्यावयास हवी. ट्रेडमिलच्या खरेदीपेक्षा हा खर्च मोठा आहे, आणि त्याची चर्चा मागे पडते ती बहुधा याचमुळे.