माइकसमोर आपल्याला काय विचारलं जातं?

एचएसआर लेआउटमधल्या खोलीवर बाबासाहेबांचा आवाज मी इअरफोन लावून ऐकतो. गावाकडे 14 एप्रिलला भीमगीतं कर्ण्यावर लागतात, साऱ्या गावाला ऐकू जातात. इथे भिंतीपलीकडे घरमालक राहतो आणि दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करावा लागतो. एवढं कारण पुरतं.

मी ऐकतो ती 1955 सालची बीबीसीची मुलाखत. विषय गांधी. आपण गांधींना विरोधक म्हणून भेटलो, त्यामुळे भक्तांपेक्षा आपल्याला ते जास्त कळले, असं बाबासाहेब ठामपणे सांगतात. त्याआधी 3 ऑक्टोबर 1954 ला आकाशवाणीवर त्यांनी आपलं तत्त्वज्ञान मांडलं होतं: स्वातंत्र्य, समता, बंधुता, आणि ही तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असंही स्पष्ट केलं होतं. या दोन्ही वेळी माइकसमोर बसलेला माणूस आपलं दुःख सांगत नव्हता. तो राजकारणाचं आणि धर्माचं मूल्यमापन करत होता.

आज रेडिओवर, पॉडकास्टवर आपल्या लेखक-कार्यकर्त्यांच्या मुलाखती ऐका. बोलावणं बहुतेकदा एप्रिलमध्ये नाहीतर डिसेंबरमध्ये येतं. पहिला प्रश्न बालपणीच्या उपासमारीचा, दुसरा शाळेतल्या अपमानाचा, शेवटचा ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ असा. कवितेची ओळ तिथेच का तोडली, अमुक शब्द का वापरला, हे कुणी विचारत नाही. ते प्रश्न दुसऱ्या लेखकांसाठी राखीव असतात.

दुःख सांगूच नये, असं मी म्हणत नाही. आपली आत्मकथनं हा आपला पुरावा आहे. पण तेवढंच विचारलं की लेखकाचा साक्षीदार होतो आणि त्याचं लेखन बाजूला राहतं. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी त्यांनी ढसाळांना शब्दांचे अर्थ विचारले होते. तेंडुलकर त्या वस्तीच्या बाहेरचे, पण त्यांचा प्रश्न भाषेविषयी होता. असा प्रश्न कवीला कवी मानून विचारला जातो.

कॉलेजात असताना मी एका रेडिओ केंद्रावर निवेदकाच्या चाचणीला गेलो होतो. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं आणि चाचणी तिथेच संपली. ‘उच्चार सुधारा, मग या,’ असं सांगण्यात आलं. मी सुधारले. आता माझा ‘ण’ इतका पक्का आहे की घरी फोन केला की आई म्हणते, ‘सायबावानी बोलतुयास.’ आपल्यापैकी अनेकांनी पदवीबरोबर ही किंमत मोजली आहे.

पण माइक आपल्या हातात आला की ही अट गळून पडते. तेलंगणात जहिराबादजवळच्या माचनूर गावातून 2008 पासून संगम रेडिओ चालतो. तो दलित शेतकरी बायका चालवतात, आपल्याच बोलीत. बियाणं, पाऊस, गाणी, औषधी झाडपाला अशा विषयांवर त्या एकमेकींना जाणकार म्हणून प्रश्न विचारतात. इथे बेंगळुरूतही रेडिओ अ‍ॅक्टिव्ह या 90.4 वरच्या सामुदायिक केंद्रावर कचरावेचकांनी स्वतः कार्यक्रम केले आहेत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. सार्वजनिक म्हणजे आपल्याही.

केंद्राचा परवाना मिळवणं प्रत्येकाला जमणार नाही. फोनवर रेकॉर्ड करणं जमतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात भीमरायाच्याही ओव्या आहेत. कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून त्या उरल्या.

या सुट्टीत घरी गेलात की आजीसमोर फोन ठेवा. किती सोसलंस, एवढंच विचारू नका. ही ओवी कुणाकडून शिकलीस? यात तुझी ओळ कोणती? जलशात कोण चांगलं गायचं आणि का? ‘मला काय येतंय?’ असं ती आधी म्हणेल. फोन बंद करू नका, पुढचा प्रश्न विचारा.