दिवळी गेली, ज्योत राहिली

धाब्याच्या जुन्या घरात दिव्याची जागा ठरलेली असे. जाड मातीच्या भिंतीत दिवळी. तिच्या तिन्ही अंगांना माती, वर माती, खाली माती. दिवा कलंडला तर तेल दिवळीतच सांडे, वात भडकली तर फार तर काजळी धरे. नगर जिल्ह्यातली अशी घरे पडत गेली, त्यांच्या जागी विटा-सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या. वीज आलेली असल्याने दिवळी ठेवायचे कुणाच्या मनातही आले नाही. ज्योत मात्र घरातून गेली नाही. नवरात्रात अखंड दिवा असतो, दिवाळीत पणत्या असतात, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आणि नाताळात मेणबत्त्या लागतात, आणि वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की त्या साऱ्याच घरांत लागतात. हल्ली वाढदिवसाला सुगंधी मेणबत्ती भेट मिळते, तीही पेटवलीच जाते. पण हे सगळे ठेवायचे कुठे? फ्रिजवर, टीव्हीच्या कपाटावर, पलंगाशेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. मेणबत्तीने घर पेटले की आपण घरच्यांच्या निष्काळजीपणाला बोल लावतो. मला त्यात जागेचा दोष अधिक दिसतो.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था घरगुती मेणबत्त्यांनी लागलेल्या आगींचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवत आली आहे. त्यात दर पाचांपैकी सुमारे तीन आगी ज्योतीच्या फार जवळ काहीतरी जळाऊ असल्याने लागलेल्या दिसतात, आणि साधारण एकतृतीयांश आगींची सुरुवात झोपायच्या खोलीत होते. ज्योतीभोवती निदान एक फूट मोकळे सोडा, असे ही संस्था सांगते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत असा एक फूट शोधून पाहावा. एकीकडे पॉलिएस्टरचा पडदा असतो, दुसरीकडे फोमची गादी. पॉलिएस्टर वितळून जळते थेंब खाली टाकते, आणि फोमचा धूर माणसाला उठून दारापर्यंत जायलाही वेळ देत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये नेवासा फाट्यावर एका फर्निचरच्या दुकानाला रात्री आग लागली आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ती आग मेणबत्तीची नव्हती. पण झोपलेल्या माणसांना आगीची चाहूल किती उशिरा लागते, हे त्यानंतर या जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको.

मेणाचे स्वतःचेही काही गुण आहेत. छोट्या वाटीतल्या मेणबत्त्या ताटात एकमेकींना खेटून लावल्या की त्या एकमेकींना तापवतात. मग मेण इतके गरम होते की वातीऐवजी अख्खा पृष्ठभाग पेट घेतो. अशा वेळी घाबरून तांब्याभर पाणी ओतले, तर ते जड असल्याने मेणाखाली जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. वरून पातेले पालथे घालावे, हवा तुटली की ज्योत विझते. म्हणूनच खोलगट धातूच्या परातीत वाळूचा थर, त्यात अंतर राखून मेणबत्त्या, आणि ती परात भिंतीपासून, पडद्यापासून, पंख्याच्या झोतापासून दूर, ही आजच्या घरातली दिवळी होऊ शकते. त्यासाठी गवंडी बोलवावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. पिढ्यान् पिढ्या दिवे लावले, काही झाले नाही. झाले, पुष्कळ झाले. फक्त त्या पदर पेटलेल्या बायकांची नोंद कुठे राहिली नाही. आणि जिथे खरोखर काही झाले नाही, तिथे दिवळीचा आणि जड बुडाच्या समईचा वाटा मोठा होता. दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे, आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. अखंड दिवा रात्री विझवायचा कसा? विझवू नये. पण अखंड दिव्याला वात सारायला, तेल घालायला माणूस लागतो, हे व्रतातच धरलेले आहे. दिवा लावून दाराला कुलूप घालून मोहटा देवीच्या दर्शनाला जाणे व्रतात कधीच नव्हते. काचेचे नळकांडे घातलेला दिवा परातीत ठेवला आणि घरात कुणीतरी थांबले, तर श्रद्धेला कुठे उणेपणा येतो?

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ज्याच्या घरात एक फूट मोकळी जागाच नाही त्याने काय करायचे? पाथर्डी-शेवगावकडचे, बीडकडचे ऊसतोड मजूर दर हंगामात कारखान्यांच्या तळावर कोप्या घालून राहतात. वाळले पाचट, बांबू, प्लॅस्टिकचा कागद आणि आत एखादी चिमणी किंवा मेणबत्ती. तिथे परात-वाळूचा उपदेश करणे ही चेष्टा ठरेल. तिथून ज्योतच बाहेर काढली पाहिजे. सहकारी साखर कारखानदारी या जिल्ह्यात प्रवरेकाठी उभी राहिली, आणि आज अनेक कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करून ती विकतातही. त्या विजेची एक तार तळापर्यंत ओढणे, आणि जिथे तार पोहोचत नाही तिथे कोपीमागे एक सौरदिवा देणे, हे गाळप सुरू होण्याआधी करून घ्यायचे काम आहे, आणि ते मजुरांचे नाही, कारखान्यांचे आहे.