आज्ञेचा शब्द नेमकाच हवा

परेडच्या मैदानावर 'दाहिने मुड़' अशीच आज्ञा द्यायची असते. त्याऐवजी कोणी 'उजवीकडे वळा' म्हणाला, तर अर्थ तोच असूनही स्क्वाड जागचा हलणार नाही. आज्ञेला नुसता अर्थ पुरत नाही, ठरलेला शब्द लागतो.

संगणकाचेही तसेच आहे. गेल्या सत्रात आमच्या गटाने एका छोट्या गाडीसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. वळण्याच्या आज्ञा दोनच, 'लेफ्ट' आणि 'राइट'. एका ठिकाणी माझ्याकडून स्पेलिंगमधली दोन अक्षरे उलटी पडली. पायथनने काहीच तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी तीही एक स्ट्रिंगच. गाडी वळली नाही आणि पाहुण्यांसमोर सरळ भिंतीवर आदळली.

अशी चूक नशिबावर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2019 साली आलेल्या पायथन 3.8 पासून 'लिटरल' टाइप मिळतो. फंक्शनला 'कोणतीही स्ट्रिंग चालेल' असे न सांगता 'हे दोनच शब्द चालतील' असे त्यात लिहिता येते. मग मायपायसारखा टाइप चेकर प्रोग्राम चालण्याआधीच चुकीच्या शब्दावर बोट ठेवतो.

काही मित्रांना हा जाच वाटतो. 'लेफ्ट' हा शब्द आधी व्हेरिएबलमध्ये ठेवून मग फंक्शनला दिला, तर मायपाय अडवतो. शब्द तर बरोबर आहे, मग अडवणूक का? कारण व्हेरिएबलमधली किंमत पुढे बदलू शकते, म्हणून तो तिला साधी स्ट्रिंग मानतो. तेच व्हेरिएबल 'फायनल' म्हणून जाहीर केले, की तो वाट सोडतो. टाइपस्क्रिप्टमध्ये 'लेट' आणि 'कॉन्स्ट' यांत हाच फरक आहे. गेटवरचा पहारेकरी ओळखीच्या माणसालाही ओळखपत्र मागतो. त्यात अपमान नसतो, ते त्याचे कर्तव्य असते.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. प्रोग्राम चालू असताना पायथन स्वतः हे टाइप तपासत नाही. कीबोर्डवरून कोणता शब्द येईल, हे चेकरला आधी दिसत नाही. ती तपासणी आपणच लिहायला हवी.

परेडआधी आपले बूट आणि बेल्ट तपासले जातात. संगणक कक्षातही प्रोग्राम चालवण्याआधी टाइप चेकर चालवणे सक्तीचे करावे. चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, पण आपली चूक पाहुण्यांच्या आधी आपल्याला कळेल.