म्हणे रक्त अशुद्ध!

मंडळी, परवा एका बारशाला गेलो होतो. सूनबाई बाळाला माझ्या मांडीवर देणार, तेवढ्यात माझ्या कोपरावरचे लाल, खवल्यांचे चट्टे बघून एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, रक्त अशुद्ध झालंय तुमचं. वांगं, दही बंद करा." बाळ आल्या वाटेने परत गेलं. तिथे मी गप्प बसलो. आज बोलतो.

सोरायसिस रक्त 'अशुद्ध' झाल्याने होत नाही आणि शिवल्याने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून आपल्या त्वचेवर उलटते. एरवी त्वचेची पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. इथे ती काही दिवसांतच वर येते आणि थर साचतात. कल आनुवंशिक असतो. ठिणगी पडते ती घशाच्या संसर्गाने, जखमेने, ताणाने, दारू-सिगारेटने, काही औषधांनी. यात वांगं कुठून आलं?

हा कुष्ठरोग नव्हे, हे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्येच स्पष्ट केलं. हा संसर्गजन्य नाही, असं जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये ठराव करून सांगितलं. आमच्या पंगतीत ते अजून पोचायचंय!

कोणी म्हणेल, "खाजच ना? चालायचंच." नाही हो! हा आजार कातडीपुरता राहत नाही. कित्येकांचे सांधे धरतात; हृदयविकार, मधुमेह, नैराश्य यांचा धोका वाढतो. बोटं दुखायची तेव्हा मी 'वय झालं' म्हणून मलम चोळत बसलो. चट्टे आणि सांधे एकाच दुखण्याचे, हे कळेपर्यंत दोन बोटं वाकडी झाली. आता खडू सोडा, सहीसुद्धा धड येत नाही.

आणि ते 'मुळासकट बरा करतो'वाले! त्यांच्या पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत. ते अचानक थांबलं की आजार दुपटीने उसळू शकतो. सोरायसिस कायमचा जात नाही, पण योग्य औषधांनी आटोक्यात राहतो. त्वचारोगतज्ज्ञ गाठा, आणि सांधे दुखत असतील तर तेही सांगा.

पण दोष दुसऱ्यांनाच का देऊ? १९८१ साली, पालकांच्या तक्रारीवरून, असेच चट्टे असलेल्या सातवीतल्या एका मुलाला मी वेगळ्या बाकावर बसवलं होतं. मी बी.ए. मराठीचा, मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण एखाद्या डॉक्टरला विचारायला काय धाड भरली होती?

असो. पुढच्या बारशाला बाळ माझ्या मांडीवर द्या.