नमनाला घडाभर तेल

दिवाळीत ताईकडे मेहकरला गेलो होतो. फराळाचं ताट समोर यायच्या आत भाचा लॅपटॉप घेऊन हजर. "मामा, जरा पाहा ना. चार दिवस झाले, सेटअपच होऊन नाही राह्यला."

भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरोघरच्या दुधाचा हिशोब ठेवणारं एक छोटंसं अ‍ॅप करायचं त्याच्या मनात होतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालावं, म्हणून त्याने फ्लटर निवडलं. निवड काही चुकीची नव्हती. 'एकदाच लिहा, सगळीकडे चालवा' हे स्वप्न जुनंच आहे. आधी जावाने दाखवलं, मग फोनगॅपने, २०१५ साली फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हने आणि २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या फ्लटरने. पण या स्वप्नाच्या दारात एक उंच उंबरठा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

फ्लटर उतरवा, मग गिट, मग अँड्रॉइड स्टुडिओ, मग त्याचं एसडीके. पाथ नीट लावा. लायसन्सांना 'हो' म्हणा. मग 'फ्लटर डॉक्टर' नावाची आज्ञा द्यायची. हा डॉक्टर कॉम्प्युटर तपासतो आणि हिरवी खूण किंवा लाल फुली दाखवतो. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं भाकीत सांगतात. भाच्याचं चार दिवस तेच चाललं होतं. रात्री मोबाईलच्या नेटवर डाउनलोड लावायचं आणि पहाटे उठून बघायचं, आज काय भाकीत? रोज लाल फुली.

पाहिलं तर दुखणं साधंच होतं. विंडोजवर त्याने स्वतःचं नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून लिहिलं होतं. त्यामुळे एसडीकेच्या पत्त्यात मोकळी जागा आली होती, आणि ती या मंडळींना चालत नाही. शिवाय लॅपटॉपला रॅम ४ जीबी. अँड्रॉइड स्टुडिओच किमान ८ मागतो, एम्युलेटरसकट हवा असेल तर १६. मी एसडीके सरळ सी ड्राइव्हवर हलवलं, एम्युलेटरचा नाद सोडायला लावला आणि त्याचाच फोन केबलने जोडला. फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, त्यातलं यूएसबी डीबगिंग चालू केलं. पहिल्या वेळी ग्रेडलने पुन्हा ढीगभर गोष्टी उतरवल्या. आणि मग फोनवर ते नमुन्याचं अ‍ॅप उमटलं... मध्ये एक आकडा आणि खाली अधिकचं बटण. ताईने ते दहा वेळा दाबून पाहिलं.

पण मला लागलं ते वेगळंच. मध्येच भाचा म्हणाला होता, "जाऊ द्या मामा, हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे. मी आपली तलाठी भरतीची तयारी करतो." तलाठी होण्यात काही कमीपणा नाही हो. पण नावातल्या एका मोकळ्या जागेमुळे पोराने स्वतःला ढ ठरवावं?

यावर आमच्या क्षेत्रातले लोक म्हणतात, 'धडपडण्यातूनच माणूस शिकतो.' मीही हेच म्हणायचो. पण खरं सांगू? मी शिकलो तेव्हा शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस होता. शहरात ही अडचण दहा मिनिटांची असते, इथे ती चार दिवसांची होते. धडपडीत एखादा शिकतो आणि बाकीचे मुकाट्याने गळतात. गळलेले काही सांगायला येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की धडपड उपयोगाची आहे.

माझं म्हणणं साधं आहे. जो शिकवतो त्याने पहिलं प्रॅक्टिकल फक्त मांडामांडीला द्यावं. सगळं सामान एका पेनड्राइव्हवर ठेवावं, आणि शेवटच्या पोराच्या फोनवर तो आकडा दिसेपर्यंत पुढचा धडा घेऊ नये. दुसरं म्हणजे खरं सांगावं. कोड दोघांसाठी एकच असला तरी आयफोनचं अ‍ॅप बांधायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. इंटरनेटवर मॅक भाड्याने मिळतो, पण दुकानात मांडायचं म्हटलं की अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर, गूगलची एकदाच २५. हे पहिल्याच दिवशी कळलं तर पोरगा आधी अँड्रॉइडचं करेल आणि उरलेलं पुढे बघेल. शेवटी कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

असो. निघताना मी ते सगळं सामान एका पेनड्राइव्हवर भरून दिलं. परवा भाच्याचा फोन आला. अ‍ॅप अजून झालेलं नाही, पण पेनड्राइव्ह वर्गातल्या तिसऱ्या पोराकडे पोहोचलाय. "मामा, आता मला विचारून राह्यले सगळे," तो म्हणाला.

मला वाटतं, शेजारचं टेबल असंच तयार होतं.