कुर्तुब्याहून काय आणायचे?

स्पेनमधील कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्दोबा, येथे विद्यार्थ्यांचे गट अभ्याससहलीला जातात. जुन्या जामा मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानींखाली फोटो निघतात. ‘कधीकाळी हे सारे आपले होते’ असा उसासाही निघतो. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले आणि मशिदीचे चर्च झाले. त्याची हळहळ समजण्यासारखी आहे. पण सहल तेवढ्यावरच संपली, तर ती शैक्षणिक कसली?

शहराच्या तटाजवळ इब्न रुश्द यांचा पुतळा आहे. ११२६ मध्ये इथेच जन्मलेले हे विद्वान शहराचे काझी होते, वैद्य होते आणि ॲरिस्टॉटलचे भाष्यकारही. ११९५ मध्ये मुस्लिम खलिफानेच त्यांना हद्दपार केले. त्यांचे ग्रंथ जाळले गेले. इथेच जन्मलेले ज्यू विद्वान मुसा बिन मैमून यांच्या कुटुंबाला तर त्याआधीच अल्मोहद राजवटीत शहर सोडावे लागले होते. म्हणजे शहर हातचे जाण्याआधीच विचार करणारी माणसे आपण घालवली होती. इब्न रुश्द यांची अनेक भाष्ये पुढे टिकली, ती हिब्रू आणि लॅटिन अनुवादांमुळे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, गतवैभवाचे गोडवे गाण्याआधी आजूबाजूला पाहू या. आपल्या घरात, मोहल्ल्यात एखादी मुलगी रूढीबद्दल प्रश्न विचारते, तेव्हा आपण तिला उत्तर देतो की गप्प बसवतो? स्पेनची सहल मोजक्यांनाच परवडेल. हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.